नऊच्या आत संपणारी जाहिरात

या घरात आजवर कुठलाही निर्णय बसून झाला नव्हता. आजोबांनी दुकान काढायचं ठरवलं ते दुसऱ्याच्या छतावर टाकी बसवता बसवता. आत्या घर सोडून गेली ती दारात उभ्या उभ्या. थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा तर अण्णा कमरेपर्यंत कुणाच्या तरी बेसिनखाली होते आणि होकार त्यांनी आतूनच दिला होता. त्यामुळे रविवारी दुपारी तीनला सगळ्यांनी दुकानामागच्या खोलीत, टेबलाभोवती, खुर्च्यांवर बसायचं, असा अण्णांचा निरोप आला तेव्हा साहेबांनी तो दोनदा वाचला.

साहेब म्हणजे अण्णांचा धाकटा मुलगा. हे नाव काही मानाने मिळालेलं नव्हतं. ज्याला बेचाळिसाव्या वर्षीही नळाचा वॉशर धड बदलता येत नाही आणि जो नळदुरुस्तीच्या दुकानात कोरड्या हातांनी संगणकापुढे बसतो, त्याला घरच्यांनी दुसरं काय म्हणावं? सुरुवातीला त्यांना राग यायचा. मग सवय झाली. हल्ली तर ते मनातल्या मनात स्वतःलाही साहेबच म्हणत, विशेषतः आपलं काही चुकलं की. म्हणजे दिवसातून बऱ्याच वेळा.

खोलीत पाइपांचे तुकडे, तोट्यांचे डबे आणि भिंतीला टांगलेली चोकअप काढायची तार यांच्यामधून टेबलाला जेमतेम जागा होती. अण्णा टेबलाच्या टोकाशी बसले. त्यांच्या उजव्या हाताला थोरला, त्याच्या शेजारी वहिनी, समोर साहेबांची आई, माई. साहेबांना उरलेली खुर्ची मिळाली, जिचा एक पाय आखूड होता. त्यांनी रंगीत छापलेले कागद प्रत्येकापुढे ठेवले आणि बसले, तशी खुर्ची एकीकडे कलली.

"उद्या अकराला ठेकेदार येतोय," अण्णा म्हणाले. "त्याला काय सांगायचं ते आज ठरवायचं."

ठेकेदाराचं म्हणणं सोपं होतं. नव्या इमारतींची सगळी नळजोडणी त्याच्याकडे होती आणि त्याला हाताखाली पक्का माणूस हवा होता. थोरला आणि गाडी त्याच्याकडे जाणार, दरमहा ठरावीक पगार येणार, आणि दुकानाचं शटर कायमचं खाली येणार. साहेबांचं काय होणार हे ठेकेदाराने सांगितलं नव्हतं, कारण साहेब नावाची व्यक्ती दुकानात आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी हाच प्रस्ताव आला तेव्हा साहेबांनी जेवताना हात वर करून सांगितलं होतं, "मला दोन महिने द्या. ऑनलाइन जाहिरात करतो. कुणी मोबाइलवर प्लंबर शोधला की पहिलं नाव आपलं." त्याआधी झेरॉक्सचं दुकान, विमा आणि ससे पाळणे या तीन क्षेत्रांत त्यांनी हात पोळून घेतले होते. तरी अण्णांनी दोन महिने दिले. का दिले ते कुणालाच कळलं नव्हतं, आणि साहेबांनी भीतीपोटी विचारलं नव्हतं.

"तर," साहेबांनी घसा साफ केला, "हा आलेख बघा. कसा वर जातोय. रोज पंचवीस-तीस क्लिक. एवढ्या लोकांनी आपल्या जाहिरातीवर बोट ठेवलं."

"आणि फोन किती आले?" थोरल्याने विचारलं.

"फोन हा वेगळा विषय आहे."

"किती?"

"अकरा," वहिनी म्हणाली. फोन तीच घ्यायची. "दोन महिन्यांत अकरा. त्यातल्या एकाला बासरी शिकायची होती."

"पाइप या शब्दामुळे झालं ते. मग मी तो शब्द काढला."

"आणि एका मुलाला कुणीतरी मोबाइलवर ब्लॉक केलं होतं. तो ब्लॉक काढून मिळेल का म्हणून विचारत होता. रडत होता बिचारा. मी अर्धा तास समजूत घातली."

"तोही शब्द काढला," साहेब पुटपुटले. आतापर्यंत त्यांनी इतके शब्द काढले होते की जाहिरात मुकी व्हायचीच बाकी होती.

थोरल्याने कागद उलटा करून पाहिला, मागे काही असेल तर. "म्हणजे रोज तीस माणसं येतात, दारातून डोकावतात आणि एक शब्द न बोलता जातात. आपलं दुकान इतकं वाईट दिसतं का रे?"

वहिनीने आपला कागद बाजूला सारला. दोन महिन्यांपूर्वी ती साहेबांच्या बाजूने होती. घरात तशी ती एकटीच होती. तिने नवऱ्याला सांगितलं होतं, नोकरी करशील तर रोज कुणाचं तरी ऐकावं लागेल, त्यापेक्षा माझं ऐक. आता ती बोटाने टेबलावरचा डाग खरवडत होती, आणि ती बाजू बदलतेय हे साहेबांना दिसत होतं. त्यांना तिचा राग आला नाही. ते स्वतः तिच्या जागी असते तर त्यांनी महिन्याभरापूर्वीच बाजू बदलली असती.

"एक मिनिट," साहेब म्हणाले आणि त्यांनी संगणक उघडला. "अडचण एवढीच आहे की दिवसाचे पैसे लवकर संपतात. रोजची रक्कम ठरलेली असते, प्रत्येक क्लिकला त्यातून थोडी जाते, संपली की जाहिरात दिसेनाशी होते. आपली सकाळी सहाला सुरू होते आणि नऊच्या आत संपते. याचा अर्थ काय? मागणी प्रचंड आहे! लोक उठतात, मोरीत जातात, पाणी तुंबलेलं बघतात आणि लगेच आपल्याला शोधतात."

हे त्यांचं आवडतं प्रमेय होतं. आठवडाभर आरशासमोर उभं राहून त्यांनी ते घोटलं होतं.

थोरला हसला. वाईट हसला नाही, थकलेलं हसला. "साहेब, पंचवीस वर्षं हे काम करतोय मी. सकाळी मोरी तुंबली तर माणूस आधी काय करतो माहितेय? काठी घालतो. मग गरम पाणी ओततो. मग बायको म्हणते, तुम्हाला जमत नाही, सरका, आणि ती काठी घालते. मग शेजारचा येतो, त्याच्याकडे जास्त लांब काठी असते. अकरा-बाराच्या आधी कुणी प्लंबरला बोलावत नाही. सकाळी नऊला माझा फोन उभ्या आयुष्यात वाजलेला नाही."

साहेबांचं प्रमेय टेबलाच्या मधोमध आडवं पडलं होतं.

"मग सकाळी सहा ते नऊ दाबतं कोण?" अण्णांनी विचारलं.

"मी दाबते की," माई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. माईने चष्मा नीट केला. "रोज चहा झाला की दाबते. दोनदा. कधी तीनदा. पोराने एवढी मेहनत केलीय, आपण नाही बघायचं तर कुणी? आणि माझ्या चालायच्या ग्रुपमधल्या सहाजणींना पण सांगितलंय. त्या बागेत बाकावर बसून दाबतात."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी पण बघते," वहिनी हळूच म्हणाली. "फोन सुरू करायच्या आधी. जाहिरात चालू आहे ना, याची खात्री."

"तू?" साहेबांनी थोरल्याकडे पाहिलं.

"गाडी गरम होईपर्यंत काय करू? दाबतो चार-पाच वेळा," थोरला म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. "म्हणजे आपण वर येतोय का ते बघायला. कीव म्हणून."

उरले अण्णा. त्यांनी पुढ्यातला आलेख सरळ केला. या जाहिरातीला ते दोन महिने 'ते तुझं खेळणं' म्हणत आले होते. "मला झोप लवकर जाग येते," ते शेवटी म्हणाले, आणि वाक्यात काहीतरी चुकलं हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

जाहिरातवाली कंपनी एकाच माणसाचे वेड्यासारखे पडलेले क्लिक ओळखून सोडून देते, असं साहेबांनी वाचलं होतं. पण या घरातली माणसं वेड्यासारखी दाबत नव्हती. रोज, वेगवेगळ्या मोबाइलवरून, पान उघडून, शांतपणे वाचून, समाधानाने बंद करत होती. यंत्राला यांच्याइतकं खरं गिऱ्हाईक दुसरं वाटलंच नसेल.

"पण तुम्हाला हे कुणी सांगितलं?" साहेब जवळजवळ ओरडले. "आपल्याच जाहिरातीवर आपण दाबायचं नसतं, हे शेंबड्या पोरालासुद्धा..."

वहिनीने मोबाइल उचलला, घरच्या ग्रुपमध्ये मागे मागे गेली आणि वाचून दाखवलं. "'उद्यापासून आपली जाहिरात सुरू! सगळ्यांनी रोज सकाळी न चुकता शोधा आणि दाबा. ओळखीच्यांनाही सांगा. जितके क्लिक तितकं बळ!' पुढे दंड फुगवलेलं चित्र आहे. तीन वेळा."

पाठवणारा कोण ते तिने सांगितलं नाही. गरज नव्हती.

साहेबांना सगळं आठवलं. जाहिरात कशी करावी याचा एक व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. ज्या जाहिरातीवर लोक दाबतात ती यंत्राला आवडते, इथपर्यंत त्यांनी पाहिलं आणि आनंदाच्या भरात उठून निरोप पाठवला. उरलेला अर्धा व्हिडिओ सवडीने बघायचं ठरवलं होतं. दोन महिन्यांत सवड झाली नाही, कारण ते आलेख बघण्यात गुंतले होते. स्वतःच्याच आईने, भावाने, बापाने आणि बागेतल्या सहा बायकांनी वर चढवलेला तो आलेख बघून ते रोज खूश होत होते. एवढा मोठा गाढवपणा एकट्याने करायलाही अंगात काहीतरी लागतं, असं त्यांना वाटून गेलं.

"थांबा," त्यांनी कागदांत डोकं घातलं, कारण वर बघायची सोय नव्हती. "हे सगळं वजा केलं तरी एक उरतो. रोज एक. सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी. चाळीस किलोमीटरवरच्या त्या गावातून."

"चाळीस?" थोरला म्हणाला. "माझी गाडी पंधराच्या पुढे जात नाही. तिकडे जाहिरात दाखवलीस कशाला?"

"म्हटलं, कुणी सांगावं."

त्या गावात कोण राहतं हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे आत्या होती. तिने तिथे स्वतःचं नळदुरुस्तीचं दुकान काढलं होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी आजोबा गेल्यावर दुकानाची नवी पाटी रंगवायची ठरली तेव्हा आत्या म्हणाली होती, माझंही नाव घाला. दहाव्या वर्षापासून ती आजोबांबरोबर कामाला जायची, बॅटरी धरायची, पाना द्यायची. जुन्या वस्तीतली एकूण एक लाइन तिला पाठ होती. अण्णांनी सांगितलं होतं, पाटीवर जागा नाही. त्यानंतर ती या दारात आली नव्हती.

"मुद्दाम करतेय," थोरला म्हणाला. "आपले पैसे संपावेत म्हणून. धंद्यातले लोक करतात असं."

"बारा वर्षं डूख धरून बसली," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "लावा तिला फोन. नंबर आहे कुणाकडे?"

बघता बघता घर एक झालं. वहिनी थोरल्याकडे सरकली, थोरला अण्णांकडे, आणि आखूड पायाच्या खुर्चीवरचे साहेबही क्षणभर त्या रागात सामील झाले. दुसऱ्या कुणाची तरी चूक निघतेय याचा त्यांना केवढा आनंद झाला म्हणून सांगावं!

"माझ्याकडे आहे नंबर," माई म्हणाली.

अण्णांनी वळून पाहिलं.

"वाढदिवसाला बोलतो आम्ही. माझ्या आणि तिच्या. तुमच्याही," माई शांतपणे म्हणाली आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बोल गं माई," पलीकडून आवाज आला. मागे पाणी पडत होतं.

"सगळे बसलेत इथे," माई म्हणाली. "तू रोज सकाळी आपल्या जाहिरातीवर दाबतेस का गं?"

पाणी बंद झालं. "दाबते."

"कशाला?" अण्णांनी विचारलं. बारा वर्षांत बहिणीशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द होता.

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, "तुझं दुकान बुडवायला नाही, दादा. तसं असतं तर रोज एकदा कशाला दाबलं असतं? मी कामाला लागले की अर्धवट सोडत नाही, तुला माहितेय." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "त्या पानावर बाबांचा फोटो लावलाय तुम्ही. माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. निघाले तेव्हा घ्यायचं सुचलं नाही. आणि त्यात बाबांच्या बाजूला बॅटरी धरून उभी आहे ना, ती मी आहे."

तो फोटो साहेबांनीच लावला होता. माळ्यावरच्या पेटीत सापडला होता. आजोबांच्या हातात पाना होता, चेहरा भरवशाचा होता, म्हणून निवडला. शेजारच्या मुलीला कापून टाकायचं त्यांच्या मनात होतं, पण कसं कापायचं ते त्यांना जमलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काही जमलं नाही याचं त्यांना बरं वाटलं.

"अजून एक," आत्या म्हणाली. आवाज आता नेहमीचा झाला होता. "सकाळी सहाला जाहिरात लावणारा शहाणा कोण? अकराच्या आधी प्लंबर शोधतं का कुणी? तोवर काठी चालू असते."

थोरल्याला हसू आवरलं नाही. "हेच सांगत होतो मी आत्ता!"

"तू सांगणारच. शिकवलं कुणी तुला?" आत्या म्हणाली.

अण्णा उठले आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छ होते. नळ बराच वेळ चालू राहिला.

मग जे ठरलं ते नळाच्या आवाजातच ठरलं. जाहिरात अकराला सुरू करायची, संध्याकाळी सातला बंद. पंधरा किलोमीटरच्या पुढे दाखवायची नाही. घरातल्या कुणी बोट लावायचं नाही, बागेतल्या बायकांना माई सांगेल. ठेकेदाराचं काय, हे मात्र ठरलं नाही. अण्णा परत आले आणि एवढंच म्हणाले, "उद्या बघू." साहेबांनी ओळखलं की हा आपल्याला नकार आहे. दोन महिने दिले होते, ते संपले होते, आणि कुणामुळे वाया गेले हे दंड फुगवलेल्या चित्रांसह सिद्ध झालं होतं. संध्याकाळी त्यांनी आत्याला फोटो पाठवला, व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग पाहिला, आणि त्याच्या दुसऱ्याच मिनिटाला 'स्वतःच्या जाहिरातीवर कधीही दाबू नका' हे ठळक अक्षरांत आलं.

सोमवारी ठेकेदार दहा मिनिटं आधीच आला. पुढच्या खोलीत अण्णांसमोर बसला, घड्याळाकडे पाहिलं, म्हणाला, "मग काय ठरलं? मला आज माणूस लागेल." थोरला गाडीच्या चाव्या हातात खेळवत दारात उभा होता. वहिनी फोनपाशी. कोपऱ्यात संगणकापुढे साहेब. पानावर या घडीला कोण आलंय, कुठून आलंय हे दाखवणारी खिडकी त्यांनी उघडून ठेवली होती. त्यात शून्य होतं.

अकरा वाजले. शून्य. अकरा वाजून दोन. शून्य. ठेकेदार अण्णांना पगाराचं समजावत होता. अकरा वाजून चार मिनिटांनी शून्याचा एक झाला.

"आला!" साहेब उठलेच. "अण्णा, पहिला आला!"

सगळे वळले. ठेकेदारही. आणि मग साहेबांनी गावाचं नाव वाचलं.

त्यांनी तोंड मिटलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. ठेकेदारासमोर, दोन महिन्यांच्या फजितीनंतर, एक गिऱ्हाईक म्हणून तो क्लिक छान खपून गेला असता. आलेखावर खूश होणारा माणूस एवढं नक्कीच करू शकला असता.

"गिऱ्हाईक नाही," ते म्हणाले. "आत्या आहे."

अण्णा उठून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरच्या त्या एकाकडे बघत राहिले. "फोटो पाठवलास ना तिला?"

"कालच. मिळाला म्हणाली."

"मग?"

साहेबांनी पडद्यावरचं गावाचं नाव पुन्हा वाचलं.

"आणि पंधराच्या पुढचं सगळं काढलंस ना? तिला दिसली कशी?"

"काढलं. तेवढं एक गाव ठेवलं."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

अण्णांचा हात साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला. फोटो हातात असताना अकरा वाजायची वाट बघत बसलेली आपली बहीण त्यांना दिसत असावी. साहेबांना तरी दिसत होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि डोळे संगणकामुळे जळतात असं सांगायची त्यांनी तयारी करून ठेवली.

"एका क्लिकचे किती जातात?" अण्णांनी विचारलं. साहेबांनी सांगितलं.

"ठेव," अण्णा म्हणाले. मग ठेकेदाराकडे वळले. "जमणार नाही हो. आमच्या दुकानात घरचं माणूस येतंय अजून. शटर ओढून कसं चालेल?"

ठेकेदाराला काहीच कळलं नाही. तो उठला, गाडीत जाऊन बसला, आणि हे कसलं खूळ आहे ते बघायला त्याने मोबाइल काढला असावा, कारण एकाचे दोन झाले. हाही फुकट गेला, असं साहेबांनी मनात लिहून ठेवलं.

साडेअकराला फोन वाजला. वहिनीने पहिल्याच घंटीला उचलला. "हो, बोला... मोरी? कधीपासून?" तिने एका हाताने थोरल्याला थांब म्हणून खूण केली आणि अगदी गंभीर आवाजात विचारलं, "शेजारच्यांची काठी घालून झाली का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण ती हसली आणि थोरल्याने गाडी सुरू केली.